सात नॅनोमीटर सोनं

मामाकडे एक लाकडी पेटी आहे. आत खाचा, खाचांत उभ्या काचपट्ट्या, प्रत्येकीच्या कोपऱ्यात शाईने घातलेली तारीख. भोसरीतल्या एका कारखान्यात तो चौतीस वर्षं काचेवर धातूचे लेप चढवत होता. प्रत्येक महत्त्वाच्या रनमधला 'विटनेस', म्हणजे मालाबरोबर चेंबरमध्ये लावलेली साधी काचपट्टी, त्याने जपून ठेवला आहे. मी ज्या विषयावर संशोधन करते तो या पेटीतल्या तीन-चार पट्ट्यांत मावतो. गेल्या दिवाळीत त्या पट्ट्या खिडकीशी धरून आम्ही दोघं दुपारभर वाद घालत बसलो. तो लिहून ठेवावासा वाटला, कारण मामाचं म्हणणं चूक नव्हतं आणि तरीही मला ते मान्य नव्हतं.

मामा: ही घे. सोनं, पाच नॅनोमीटर. उजेडाकडे धर.

मी: निळसर दिसतेय.

मामा: आता ही. तीस नॅनोमीटर.

मी: आरपार हिरवट. आणि तिरकी धरली की पिवळी, दागिन्यासारखी.

मामा: धातू तोच, सोनं तापवायची बोट तीच, पंप तोच. पहिलीवर मल्टिमीटर लावलास तर काहीच दाखवणार नाही, तार तुटल्यासारखं. दुसरी वीज छान वाहून नेते. म्हणजे पहिली पट्टी धातू असून धातूसारखी वागत नाही.

मी: आणि या दोघींच्या मधली? सात नॅनोमीटरवाली?

मामा: तिने मला रडवलंय. एका गिऱ्हाइकाला अर्धपारदर्शक सोनं हवं होतं, त्यांनी कागदावर सात लिहून दिलं. एका रनमध्ये बारा काचा चढवल्या. बाराच्या बारा वेगळ्या निघाल्या. एकीचा रोध काही शे ओहम, शेजारचीचा लाखांत. दोन दिवसांनी पुन्हा मोजल्या तर आकडे सरकलेले. सगळा लॉट परत आला. त्या दिवसापासून माझा नियम ठरला: सोन्याच्या बाबतीत सीमेच्या अलीकडे राहायचं नाहीतर पार पलीकडे जायचं, मध्ये थांबायचं नाही.

मी: आणि मी सहा वर्षं तिथेच थांबलेय.

त्या सीमेवर काय घडतं ते आधी सांगायला हवं. सोन्याच्या अणूला काचेपेक्षा सोनंच अधिक जवळचं. निर्वात चेंबरमध्ये तापलेल्या बोटीतून सोन्याची वाफ उठते आणि काचेवर बसते. ती सारवल्यासारखी पसरत नाही. अळवाच्या पानावर पाणी जसं मण्यांसारखं उभं राहतं, तशी सोन्याची सूक्ष्म बेटं तयार होतात. वाफ येत राहते, बेटं फुगतात, शेजारच्यांना चिकटतात, वेड्यावाकड्या साखळ्या होतात. मग एका क्षणी काचेच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सलग धातूची वाट पहिल्यांदा जुळते. नेहमीच्या काचेवर, खोलीच्या तापमानाला, हे सहा-सात नॅनोमीटरच्या आसपास होतं. काच, तापमान किंवा वाफेचा वेग बदलला की आकडा हलतो. या क्षणाला आम्ही पर्कोलेशनची सीमा म्हणतो. मराठीत तिला पाझरसीमा म्हणावं असं मला वाटतं, कारण पाझर तलावातला 'पाझर' हा त्याच अर्थाचा शब्द आहे. सायमन ब्रॉडबेंट आणि जॉन हॅमर्स्ली यांनी १९५७ मध्ये हे गणित मांडलं तेही सच्छिद्र पदार्थातून द्रव कसा वाट काढतो या प्रश्नावरून.

मामा: पण हे सगळं एका आकड्यात बसतं ना? चेंबरमधला जाडी दाखवणारा क्रिस्टल सात म्हणतो, मी शटर बंद करतो.

मी: मामा, तो क्रिस्टल जाडी मोजतच नाही. त्याच्यावर सोनं बसलं की तो जड होतो, कंप पावण्याची गती उतरते, त्यावरून वजन कळतं. ते वजन सगळीकडे सारखं पसरलं असतं तर जाडी सात झाली असती, एवढंच तो सांगतो. या पट्टीवर सात नॅनोमीटर जाडीची जागा शोधायला गेलास तर मिळणं कठीण. बेटावर सोनं सातापेक्षा बरंच उंच, आणि बेटांच्या मध्ये शून्य.

मामा: मान्य. पण काच बघणारा डोळा बेटं बघत नाही. प्रकाशाची लांबी पाचशे नॅनोमीटर, बेट वीस-तीसचं. एवढ्या लांब लाटेला त्या खाचखळग्यांचं काय? ती सरासरीच बघणार. माझी सगळी नोकरी त्या भरवशावर झाली, आणि मालही चालला.

मी: हाच विचार मॅक्सवेल गार्नेटने १९०४ मध्ये केला.

मामा: तो मॅक्सवेल?

मी: नाही, जेम्स क्लार्क मॅक्सवेल गार्नेट. वडील विल्यम गार्नेट केंब्रिजमध्ये मॅक्सवेलचे साहाय्यक होते, म्हणून मुलाला ते नाव. रंगीत काचेत आणि पातळ थरांत धातूचे कण विखुरलेले असतात. त्या सगळ्या मिश्रणाच्या जागी एकजिनसी पदार्थ कल्पून त्याचे गुण काढायचं सूत्र त्याने दिलं. सोन्याच्या कणांनी काच लाल का होते ते त्यातून छान उलगडतं. पण त्या सूत्रात कण कायम कणच राहतात. कितीही दाटी करा, ते एकमेकांना भिडत नाहीत. म्हणजे तुझी पाच नॅनोमीटरवाली पट्टी त्यात बसते, सातवाली बसत नाही.

मामा: मग त्याच्या पुढचं कुणी केलं असेलच.

मी: ब्रुगेमानने, १९३५ मध्ये. त्याने धातू आणि पोकळी दोघांना एकाच पंगतीला बसवलं. पंगतीत यजमान कोण आणि पाहुणा कोण हा भेदच ठेवला नाही. त्याच्या सूत्रात पाझरसीमा आपोआप निघते: पृष्ठभागावर अर्धी जागा धातूने व्यापली की वाट जुळते.

मामा: झालं तर मग. सरासरीचं सूत्र दुरुस्त झालं. आता भांडण कशाचं?

माझं भांडण इथूनच सुरू होतं. पॅरिसचे गादेन आणि तेल अविवचे यागिल व डॉयचर यांनी सोन्याचा थर चेंबरमध्ये चढत असतानाच त्यातून आरपार जाणारा आणि परतणारा प्रकाश मोजला. ते काम १९८९ मध्ये छापलं गेलं. सीमेच्या अलीकडे तरंगलांबीनुसार आलेख वर-खाली होतो, पलीकडे धातूचा ओळखीचा आलेख मिळतो. पण सीमेवर जवळच्या अवरक्त पट्ट्यात आलेख जवळपास सपाट होतो. तरंगलांबी कोणतीही घ्या, साधारण तेवढाच प्रकाश आरपार जातो, तेवढाच परततो आणि चाळीस टक्क्यांच्या आसपास थरातच नाहीसा होतो. सलग सोन्याचा थर या पट्ट्यात जेमतेम काही टक्के शोषतो. बेटं वेगवेगळी असतील तर ती आपापल्या रंगापुरती शोषतात. मधल्या थराने मात्र सगळं गिळलं.

मामा: हे नवीन नाही. वोल्टर्सडॉर्फने १९३४ मध्येच दाखवलं होतं. पातळ थराचा चौरसामागचा रोध १८८ ओहम ठेव, म्हणजे पोकळीच्या ३७७ ओहमच्या बरोबर निम्मा. अर्धा प्रकाश शोषला जातो, पाव परततो, पाव आरपार जातो. आमच्या कोटिंगच्या पुस्तकात ते होतं.

मी: होतं, आणि ते खरंही आहे. पण ते लांब लाटांसाठी, जिथे धातूतले इलेक्ट्रॉन प्रकाशाच्या तालावर मुकाट्याने हलतात आणि थर नुसता रोधासारखा वागतो. जवळच्या अवरक्तात ताल इतका जलद होतो की इलेक्ट्रॉनांचं जडत्व आड येतं. तिथे सलग सोनं रोधासारखं न वागता तारेच्या गुंडाळीसारखं वागतं. ऊर्जा घेतं आणि परत देतं, खात नाही. मग खाल्ली कुणी?

मामा: मध्ये हवा. हवाही खात नाही.

मी: बरोबर. दोघंही खात नाहीत, तरी चाळीस टक्के जातात. दिखने नावाच्या रशियन शास्त्रज्ञाचं १९७० मधलं एक देखणं गणित आहे. पटावर धातू आणि पोकळी निम्मी-निम्मी, आणि अशी विखुरलेली की दोघांची अदलाबदल केली तरी पट तसाच वाटावा. मग सरासरी गुण म्हणजे दोघांच्या गुणांच्या गुणाकाराचं वर्गमूळ. त्याने ते वीजवहनासाठी काढलं, प्रकाशाला तेच लागू पडतं. आता लाल रंगाच्या जरा पलीकडे, आठशे नॅनोमीटरला, सोन्याचा परावैद्युतांक, म्हणजे प्रकाशाच्या विद्युतक्षेत्राला पदार्थ कसा प्रतिसाद देतो तो आकडा, सुमारे उणे पंचवीस येतो. हवेचा एक. गुणाकार उणे पंचवीस.

मामा: आणि उणे पंचवीसचं वर्गमूळ काल्पनिक.

मी: पाच गुणिले काल्पनिक एकक. आणि या गणितात काल्पनिक भाग म्हणजे शोषण. मामा, न खाणारे दोघे शेजारी बसवले आणि सरासरी सांगते की जेवण संपलं. इथे तुझी सरासरी स्वतःच कबूल करते की आत काहीतरी असमान घडतंय.

यावर मामा काही वेळ बोलला नाही. त्याने सातवाली पट्टी पुन्हा खिडकीकडे धरली. ती ना निळी दिसत होती ना हिरवी, धुरकट राखाडी.

मामा: कुठे जातो मग तो प्रकाश?

मी: बेट गुंडाळीसारखं वागतं हे झालं. दोन बेटांमधली फट कशासारखी?

मामा: कपॅसिटरसारखी. दोन धातूंच्या मध्ये पोकळी.

मी: गुंडाळी आणि कपॅसिटर एकत्र आले की?

मामा: रेडिओचा ट्यूनर! एका ठराविक स्टेशनला तो घुमायला लागतो.

मी: या पट्टीवर असे अब्जावधी ट्यूनर आहेत, आणि कुठल्याही दोघांची फट, लांबी, वळण एकसारखं नाही. प्रत्येक तरंगलांबीला तिचे ट्यूनर कुठे ना कुठे सापडतात, म्हणून आलेख सपाट. आणि जिथे सापडतात तिथे झोक्याला लय साधून ढकलावं तसं विद्युतक्षेत्र वाढत जातं. सोन्याची थोडीशी अंगची झीज असते, ती ऊर्जा खाईपर्यंत वाढतं. झीज कमी असली तर झोका आणखी उंच जातो, पण शेवटी खाल्लं जातं जवळजवळ तितकंच. म्हणून ज्यांचं शोषण नगण्य त्यांची सरासरी शोषते. सारीचेव्ह आणि शालाएव्ह यांच्या गणितात अशा ठिपक्यांवर प्रकाशाची तीव्रता आजूबाजूपेक्षा हजारो पट येते.

मामा: गणितात. पाहिलंय का कुणी?

मी: पाहिलंय. १९९९ मध्ये पॅरिसमध्ये एका गटाने सोन्याच्या अशाच थरावरून प्रकाशाच्या लांबीपेक्षा कितीतरी बारीक टोक फिरवलं. अंधाऱ्या पटावर विखुरलेले तेजस्वी ठिपके दिसले. मग प्रकाशाची तरंगलांबी थोडी बदलली तर तोच थर, तीच जागा, पण ठिपके दुसरीकडेच पेटले.

मला हा प्रयोग फार जवळचा वाटतो. या थराला कुणी आखलेलं नाही, कुणी कोरलेलं नाही. निव्वळ वाफ बसत गेली आणि योगायोगाने जी नक्षी झाली, तिच्यात प्रत्येक रंगासाठी वेगळा नकाशा लपलेला निघाला. आणि नक्षीलाही शिस्त आहे. १९८२ मध्ये आयबीएमच्या संशोधकांनी सोन्याच्या थरांची इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखालची चित्रं मोजली, तेव्हा सीमेवरचे पुंजके अपूर्णांक-मितीचे निघाले. सिद्धांतात ही मिती १.९ च्या जवळपास आहे. पूर्ण पृष्ठभागाची दोन, रेषेची एक, हे पुंजके मधले. जवळून पाहा किंवा दुरून, भोकांमध्ये भोकं तशीच दिसतात. त्यामुळे 'पुरेसा मोठा तुकडा घेऊन सरासरी काढू' हा मामाचा भरवसा इथे डळमळतो. सीमेजवळ जावं तसा तो पुरेसा तुकडा मोठा मोठा होत जातो.

मामाला मात्र नक्षीचं एवढं कौतुक नव्हतं.

मामा: हे सगळं सुंदर आहे, पण मला सांग, उद्या तो ठिपका तिथेच असेल का? हे सोनं चेंबरमधून बाहेर आल्यावरसुद्धा सरकत राहतं. मी मोजलेलं आहे. ज्या गोष्टीची दुसरी प्रत निघत नाही तिला मी माल म्हणणार नाही. घरांच्या खिडक्यांना आता लो-ई काच लावतात ना, त्यात चांदीचा दहा-बारा नॅनोमीटरचा थर असतो. तिथे सगळा जीव ओततात ते चांदी लवकर सलग व्हावी म्हणून. खाली आधी झिंक ऑक्साइडचा थर देतात, त्यावर चांदी बेटं न करता बरी पसरते. अख्खा उद्योग तुझ्या सीमेपासून पळतोय.

मी: तो पळतोय कारण त्याला आरपार उजेड हवा आणि शोषण नको. ज्याला शोषण हवं तो सीमेकडे येतो. मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेत विवेक पोलशेट्टीवार यांच्या गटाने २०१९ मध्ये काळं सोनं केलं. सिलिकाच्या तंतुमय गोळ्यांवर सोन्याचे लहानमोठे कण, कमी-जास्त अंतरावर. तो सपाट थर नाही, पण युक्ती हीच: अंतरं मुद्दाम असमान ठेवायची, म्हणजे दृश्य आणि जवळचा अवरक्त, सगळा प्रकाश कुठे ना कुठे अडकतो. सोनं काळं दिसतं. आणि ज्या फटींत ऊर्जा साठते तिथे कार्बन डायऑक्साइडपासून इंधन करण्याच्या अभिक्रियेला मदत होते.

मामा: बरं. पण प्रत? एक कण इथे, एक तिथे, प्रत्येक वेळी वेगळं.

मी: ठिपक्यांच्या जागा वेगळ्या, पण किती ठिपके किती तेजस्वी याची वाटणी पुन्हा पुन्हा तशीच येते.

मामा: म्हणजे परत सरासरीच! फिरून माझ्याच दारात आलीस.

इथे त्याने मला पकडलं होतं, आणि मी ते तेव्हाच कबूल केलं. वाटणी हाही शेवटी हजारो जागांवरून काढलेला हिशोब. पण सरासरी एका आकड्याने सांगणं आणि वाटणीने सांगणं यांत फरक किती पडतो, याचा एक हिशोब माझ्या तोंडपाठ आहे. तो मी त्याला सांगितला. रेणूची ओळख पटवण्यासाठी त्याला खडबडीत चांदीवर चिकटवून त्यावरून विखुरणारा प्रकाश तपासतात. या पद्धतीत स्थानिक क्षेत्र दुप्पट झालं तर संकेत सोळापट होतो. २००८ मध्ये इलिनॉय विद्यापीठातल्या गटाने चांदी चढवलेल्या सूक्ष्म गोलांवर मोजमाप केलं. सर्वांत तेजस्वी जागांवर दहा लाख रेणूंपैकी फक्त ६३ बसले होते, आणि एकूण संकेताचे २४ टक्के त्या ६३ कडून येत होते. सर्वांत मंद जागांवर ६१ टक्के रेणू होते आणि त्यांचा वाटा ४ टक्के.

मामा: दहा लाखांत त्रेसष्ट?

मी: आणि पाव संकेत त्यांचा. सरासरी काढलीस तर आकडा बरोबर येईल. पण त्या आकड्यासारखी वागणारी जागा पट्टीवर शोधायला गेलास तर बहुतेक जागा त्याहून कितीतरी मंद निघतील, आणि आकडा वर नेणाऱ्या मूठभर जागा तुला भेटणारही नाहीत.

मामा: थांब. हे मला ठाऊक आहे.

मी: म्हणजे?

मामा: बाहत्तरच्या दुष्काळात आमच्या गावाच्या वर पाझर तलाव झाला. मी शाळेत होतो, आमचे दादा त्याच्या कामावर जायचे. पुढे तलाव भरला, आणि खाली ज्यांच्या विहिरी होत्या त्यांतल्या काहींना पाणी आलं. आमच्या विहिरीला नाही. बांधापलीकडे पाटलांची विहीर, हाकेच्या अंतरावर, ती तुडुंब. खाली काळा पाषाण, पाणी भेगांमधून जातं. त्यांच्या विहिरीला भेग लागली, आमच्या विहिरीला लागली नाही. कागदोपत्री गावाची सरासरी पाणीपातळी वाढली होती.

तो हे शांतपणे बोलला. मी उत्तर दिलं नाही. पट्ट्या तशाच टेबलावर होत्या, दारातल्या रांगोळीवर उन्हाचा कवडसा सरकला होता.

माझ्यापाशी मग एक जुनी गोष्ट होती, मामाच्याच कामातली. फॅरेडेने १८५७ मध्ये रॉयल सोसायटीपुढे सोन्यावर आणि प्रकाशावर व्याख्यान दिलं. त्याने सोन्याचा वर्ख काचेवर ठेवून तापवला, वितळण्याच्या बऱ्याच खाली. वर्खाचा हिरवा रंग गेला, काच जवळजवळ नितळ दिसू लागली. सोनं उडून गेलं नव्हतं. मग त्याने तापवलेल्या वर्खावर अकीक दाबून घासला, आणि जिथे दाब पडला तिथे हिरवा रंग परत आला. आज आपल्याला कळतं की उष्णतेने सलग वर्ख आक्रसून बेटं झाली होती, आणि दाबाने ती पुन्हा चेपली गेली. पाझरसीमा ओलांडून परत येणारं सोनं त्याने पाहिलं, ते सांगायला शब्द मिळण्याच्या शंभर वर्षं आधी.

मामा: अकीक घासला? हाताने?

मी: हाताने.

मामा: मग आपणही करू. तुझ्या प्रयोगशाळेत चेंबर आहे, माझ्याकडे हात आहे. एकाच काचेवर शटर हळूहळू सरकवून सोनं चढव, एका टोकाला तीन, दुसऱ्या टोकाला बारा. सीमा मग कुठेतरी मध्ये पडेल, ती चुकवता येणार नाही. मी दर दोन मिलिमीटरला रोध मोजतो. तू प्रकाश मोज.

मी: चालेल. मशीनचा प्रकाशाचा ठिपका पाच मिलिमीटरचा आहे.

मामा: पाच मिलिमीटरात माझे दोन आकडे येतील आणि तुझा एक. असं चालणार नाही. ठिपका लहान कर.

मी: किती लहान?

मामाने सातवाली पट्टी उचलली, कोपऱ्यातली तारीख वाचली आणि ती पेटीत परत न ठेवता माझ्या हातात दिली.

मामा: ही आधी ने. इतकी वर्षं पडून आहे, कुठवर सरकलीय ते बघ. आणि ते बारीक टोक कुठे असेल तर यावरून फिरवून आण.